फाळ, किल्ली आणि कंदिलाची काच

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची प्रत कशी राखावी या विषयावर आज ग्रंथ उदंड झाले आहेत, आणि त्या ग्रंथांतील नियम, तक्ते व तपासणीच्या पद्धती सर्व उद्योगांना सारख्याच लागू पडतात अशी समजूतही त्यांच्याबरोबर रूढ झाली आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत, भांडवल, तंत्रशिक्षण आणि सरकारचा आश्रय या तिन्हींची वानवा असताना, आपल्या प्रांतात ज्या थोड्या लोकांनी कारखाने उभे केले त्यांचा इतिहास बारकाईने पाहिला तर ही समजूत टिकत नाही. ज्याने नांगर केला त्याने मालाची प्रत एका रीतीने राखली, ज्याने कुलूप केले त्याने जवळजवळ उलट रीतीने राखली, आणि ज्याने कंदील केला त्याला या दोहोंपैकी कोणतीच रीत जशीच्या तशी उपयोगी पडली नाही. या तिन्ही रीती त्या त्या माणसाच्या धंद्याच्या धोरणातून उगवल्या होत्या, असे माझे मत आहे.

गावगाड्यात हा प्रश्न निराळा म्हणून उद्भवतच नसे. नांगर घडविणारा सुतार आणि त्याला फाळ बसविणारा लोहार हे दोघेही बलुतेदार. त्यांची कमाई म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे बलुते. आणि ज्या कुणब्याचा नांगर ऐन नांगरटीच्या दिवसांत मोडला तो कुणबी त्याच पांढरीत, चार घरे पलीकडे राहणारा. वजनामापात खोट निघाली तर पेठेत शेटे-महाजन आणि शहरात कोतवाल यांच्याकडे दाद मागता येई. पण कामाच्या प्रतीची खरी जामीनकी कोणत्याही अंमलदाराकडे नव्हती, ती घडविणारा आणि वापरणारा यांच्या रोजच्या दृष्टभेटीत होती. पिढ्यानपिढ्या ज्याच्या हाताखालून आपल्या घरची अवजारे गेली त्या लोहाराला आपल्या शेतातील दगड, आपल्या बैलांचे बळ आणि आपली ऐपत ही सर्व ठाऊक असत, आणि त्याप्रमाणे तो फाळाची लांबी व वजन कमीजास्त करी. ही प्रत उत्तम होती असे नव्हे. ती गावापुरती होती, आणि गावापुरती पुरेशी होती.

घडविणारा आणि वापरणारा एकमेकांना अनोळखी झाले म्हणजे काय होते, याचा पहिला मोठा अनुभव मुंबई इलाख्याला कापसाच्या व्यापारात आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्याबरोबर गठ्ठ्यांत सरकी, माती, ओलावा आणि हलक्या जातीचा कापूस भरण्याचा सुळसुळाट झाला. गठ्ठा बांधणाऱ्याला तो मँचेस्टरमध्ये कोण उघडणार याची कल्पना नव्हती, आणि उघडणाऱ्याला तो कोणी बांधला हे समजण्याचा मार्ग नव्हता. सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला, निरीक्षक नेमले, दंड ठरविले, एक खातेच निर्माण केले; आणि सुमारे दोन दशकांनी हा सर्व खटाटोप गुंडाळून ठेवला. निरीक्षकाच्या भीतीने मालाची प्रत राहत नाही, हे त्या खात्याने सरकारी खर्चाने सिद्ध करून दाखविले. जी जामीनकी गावात आपोआप मिळत होती तिच्या जागी काहीतरी नवे निर्माण करणे प्राप्त होते, आणि ते निर्माण करण्याचे काम पुढे कारखानदारांवर आले.

त्यांतील पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, रंगांच्या बाबतीत दृष्टीत दोष निघाल्यामुळे त्याने ब्रश खाली ठेवला, आणि यंत्ररचनेचे आरेखन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. योग्यता असूनही बढती डावलली गेली तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि बेळगावास वडीलबंधू रामूअण्णांच्या साहाय्याने चालविलेल्या सायकलींच्या दुकानाला पूर्ण वाहून घेतले. सायकली विकता विकता कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर आला. हा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती.

या दोन वर्षांकडे हट्टी उद्योजकाच्या चिकाटीची कथा म्हणूनच पाहिले जाते, आणि ती चिकाटी थोर होतीच. पण मला त्यांत दुसरीही एक गोष्ट दिसते. शेतकऱ्याचे म्हणणे चुकीचे असले तरी त्यामागची शंका रास्त होती. लाकडी नांगर मोडला तर तो घरच्या बाभळीने आणि गावच्या सुताराने दुरुस्त होई. लोखंडी नांगर मोडला तर तो कोणाकडे न्यावा? परक्या मुलखात, परक्या माणसाने, ओतीव लोखंडात घडविलेली वस्तू आपल्या खळ्याच्या हिशोबात कशी बसवावी? लक्ष्मणरावांनी धंद्याचे जे धोरण निवडले होते ते असंख्य गरीब शेतकऱ्यांना परवडेल असे अवजार विलायती नांगरापेक्षा स्वस्त देण्याचे होते, आणि या धोरणात मालाची प्रत म्हणजे नुसती मजबुती नव्हे हे त्यांना ओळखावे लागले. झिजलेला फाळ काढून नवा बसविता आला पाहिजे, तो नवा फाळ तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे, आणि बेळगावास ओतलेला कोणताही फाळ त्या जातीच्या कोणत्याही नांगराला दोन बोल्टांनिशी बसला पाहिजे. ओतीव लोखंडाचा फाळ फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो आणि फार मऊ राहिला तर एका हंगामात झिजतो; या दोहोंच्या मधली अरुंद वाट ओतशाळेत रोज नव्याने शोधावी लागते, कारण भट्टीत पडणारे लोखंड आणि कोळसा रोज सारखे नसतात.

बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा वसाहतीसाठी हवी झाली तेव्हा हा सगळा संसार उचलावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने व सापांनी भरलेली सुमारे ३२ एकर माळजमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पाण्याची चणचण असलेल्या त्या माळावर जे लोक कामाला आले त्यांत शेतमजूर होते, कारागीर होते, आणि तुरुंगातून सुटून आलेली माणसेही होती. त्यांना ओतकाम, कातकाम आणि जोडकाम शिकविणे हा मालाची प्रत राखण्याचाच भाग होता, कारण तयार कामगार मिळविण्याजोगा पैसाही नव्हता आणि तसा बाजारही नव्हता.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर विलायती नांगर यावयाचे थांबले आणि मागणी एकाएकी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा हेही दुर्मिळ झाले. भट्टी लोणारी कोळशावर चालविण्याचे प्रयोग झाले. मोडीचे लोखंड जेथून मिळेल तेथून आणले गेले. आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी देऊन टाकल्या. या प्रसंगाचे वर्णन करताना युद्धाच्या शस्त्रांतून शेतीची अवजारे झाली, असे काव्य केले जाते. ओतशाळेच्या दृष्टीने मात्र तोफेचे लोखंड म्हणजे एक कठीण कोडे होते. ते कोणत्या काळचे, त्यांत कोणते घटक किती, हे कोणालाही ठाऊक नाही. तोफेची जाडी इतकी की ती फोडून भट्टीच्या तोंडात जाईल असे तुकडे करणे हेच अवघड काम. आणि त्या लोखंडाचा ओतलेला फाळ कसा निघेल हे ओतून, मोडून पाहिल्याशिवाय समजावयाचे नाही. मालाला तोटा असताना आणि गिऱ्हाईक दारात उभे असताना प्रत घसरू न देणे ही खरी कसोटी असते, आणि युद्ध संपून विलायती नांगर पुन्हा बाजारात आले तेव्हा देशी नांगर त्यांच्यापुढे उभा राहिला, यावरून त्या कसोटीचा निकाल काय लागला ते समजते.

तरीही अनोळखीपणाचा प्रश्न उरलाच होता, आणि तो सोडविण्यासाठी किर्लोस्करांनी जो उपाय केला तो पाश्चात्य ग्रंथांत सापडणार नाही. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक सुरू केले. पुढे हेच मासिक मराठी वाङ्मयात ‘किर्लोस्कर’ म्हणून गाजले आणि त्याला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे लाभली, त्यामुळे त्याच्या जन्माचे कारण आपण विसरून गेलो. कारखान्याची, मालाची आणि तो वापरणाऱ्यांची खबर एकमेकांस पोचावी हे ते कारण होते. गावगाड्यात जे काम दृष्टभेट करी ते छापील पानाने करावे, हा त्यामागचा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. कारण स्वस्त माल पुष्कळांना विकणाऱ्या कारखान्याला तक्रार ऐकू येण्याची सोय नसेल तर त्याच्या मालाची प्रत हळूहळू, आणि त्याच्या नकळत, घसरू लागते.

येथे एका स्पर्धेचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या प्रेरणेने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी अशा होत्या: यंत्र हलके, झोपडीत ठेवण्याजोगे व हाताने किंवा पायाने चालणारे असावे, स्त्रीला फार श्रम न पडता आठ तासांत त्यावर १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे टिकावे, आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून जास्त नसावा. मालाच्या प्रतीची इतकी नेमकी व्याख्या त्या काळात आपल्या देशात दुसऱ्या कोणी केली असेल असे मला वाटत नाही. किंमत, उत्पादन, श्रम, आयुष्य आणि दुरुस्ती या पाचही गोष्टी गिऱ्हाइकाच्या बाजूने, आकड्यांत, एका कागदावर मांडलेल्या होत्या. किर्लोस्करवाडीनेही काळे नावाच्या संशोधकाच्या रचनेवरून या स्पर्धेसाठी यंत्र घडविले. पण ते परीक्षकांच्या पसंतीस उतरले नाही, आणि ते बक्षीस कधीच कोणाला मिळाले नाही. पाचांपैकी कोणत्याही तीन-चार अटी एकत्र साधता येत. पाचही एकदम साधणे त्या काळच्या धातूला आणि तंत्राला झेपणारे नव्हते. पण ती अपेक्षा अवास्तव होती म्हणून तो कागद वाया गेला असे मी मानत नाही.

लक्ष्मणरावांहून वर्षभराने मोठे असलेले अर्देशीर गोदरेज यांची वाट पहिल्यापासून वेगळी होती. ते वकील झाले, झांझिबारला गेले, आणि जे खरे वाटत नाही ते अशिलासाठी कोर्टात खरे म्हणून मांडणे साधेना म्हणून वकिली सोडून मुंबईस परतले. मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करण्यास सुरुवात केली. हत्यारे चांगली उतरली. परंतु ज्या गोऱ्या व्यापाऱ्याने ती विकावयाची त्याने अशी अट घातली की ती हिंदुस्थानात झाली असा शिक्का त्यांवर नसावा, कारण त्या शिक्क्याने माल खपणार नाही. अर्देशीर शिक्का पुसण्यास तयार झाले नाहीत आणि तो धंदा तेथेच संपला. १८९७ साली त्यांनी कुलपे करावयास घेतली.

कुलूप ही वस्तू नांगरासारखी नाही. ते घेणारा मनुष्य त्याची किंमत पाहतो खरी, पण खरोखर विकत घेतो तो निर्धास्तपणा. आणि हा निर्धास्तपणा चोर येईपर्यंत तपासून पाहता येत नाही. म्हणून गोदरेजांचे धोरण स्वस्ताईचे असूच शकत नव्हते. त्यांना बाजारातील सर्वांत विश्वासाचे कुलूप करणे भाग होते. लिव्हरच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. किल्ली फिरली की तिचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमकी ठरल्या उंचीवर उचलतो, आणि सर्व पट्ट्यांतील खाचा एका रेषेत आल्या तरच खिट्टी सरकते. एक पट्टी केसभर वर किंवा केसभर खाली राहिली तर कुलूप उघडत नाही. आणि कारागिराने कंटाळून खाच कानशीने थोडी रुंद केली तर कुलूप मात्र सहज उघडते, शेजाऱ्याच्या किल्लीनेही उघडते.

नांगराच्या कारखान्यात एका नांगराचा फाळ दुसऱ्या नांगराला बसलाच पाहिजे. कुलपाच्या कारखान्यात एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला बसता कामा नये. पहिल्या ठिकाणी प्रत म्हणजे सारखेपणा, दुसऱ्या ठिकाणी प्रत म्हणजे वेगळेपणा. आणि तो वेगळेपणा साधण्यासाठी लागणारा काटेकोरपणा मात्र सारखेपणाहून कितीतरी कठोर. किर्लोस्करवाडीची तपासणीची रीत गोदरेजांनी उचलली असती तर त्यांची कुलपे एकमेकांच्या किल्ल्यांनी उघडली असती, आणि गोदरेजांची रीत किर्लोस्करांनी उचलली असती तर नांगराची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली असती. दोघांनीही प्रत राखली. कारण आपण कोणाला काय विकतो आहोत हे दोघांनाही आरंभीच स्पष्ट झाले होते.

कुलपांमागून तिजोऱ्या आल्या, आणि तिजोरीच्या बाबतीत तर गिऱ्हाइकाला अनुभव घेऊन पाहणे अगदीच अशक्य. म्हणून अर्देशीरांनी लोकांसमक्ष तिजोऱ्या आगीत घालून त्यांची परीक्षा करून दाखविण्याचा प्रघात पाडला. ही जाहिरात होती यात संशय नाही, पण ती अशा जातीची जाहिरात होती की जिच्यात लबाडीला जागा नव्हती. तिजोरी शेकडो लोकांदेखत उघडावयाची आहे हे माहीत असले म्हणजे कारखान्यातला शेवटचा जोडारीही सांधा जपून लावतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा प्रचंड स्फोट होऊन आसमंतातील वखारी व कचेऱ्या जळून गेल्या, तेव्हा राखेच्या ढिगांतून बाहेर काढलेल्या गोदरेज तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत निघाली. अर्देशीर तेव्हा हयात नव्हते. कारखाना त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा चालवीत होते.

अर्देशीरांची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते कडवे स्वदेशीवादी होते, टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. आणि तरीसुद्धा स्वदेशी आहे एवढ्या कारणास्तव हिणकस माल लोकांच्या गळ्यात बांधणे त्यांना मान्य नव्हते. देशभक्तीने आलेले गिऱ्हाईक एकदा येते. दुसऱ्यांदा ते मालाची प्रत पाहूनच येते. बंगभंगाच्या चळवळीनंतर आपल्याकडे स्वदेशी आगपेट्या, स्वदेशी साबण, स्वदेशी कागद यांचे कितीतरी कारखाने निघाले आणि बुडाले. त्यांच्या बुडण्याचे खापर सरकारच्या धोरणावर फोडणे सोपे असते, आणि ते अंशतः खरेही आहे, पण न पेटणारी काडी दुसऱ्यांदा विकत घेण्यास कोणताही देशभक्त बांधलेला नव्हता, ही गोष्ट आपण तेवढ्याच स्पष्टपणे मान्य केली पाहिजे.

काचेच्या धंद्याचा इतिहास याच चळवळीत सुरू होतो. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून एक पैसा गोळा करून उद्योग काढण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. नफ्यापेक्षा शिक्षण हे त्याचे मोठे फळ ठरले. काचेचे काम जाणणारी माणसे या देशात येथून तयार झाली. त्यानंतर १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला, त्यालाही औंध दरबारचे प्रोत्साहन मिळाले, आणि त्या वसाहतीला ओगलेवाडी हे नाव पडले. बंधूंपैकी श्रीपादराव काचेची विद्या शिकण्यासाठी अमेरिकेस जाऊन आले. पुढे तेथे जो कंदील तयार झाला त्याला त्यांनी आपल्या वडिलांचे, प्रभाकरांचे, नाव दिले.

प्रभाकर कंदिलासमोर जे प्रतिस्पर्धी होते ते नांगराच्या प्रतिस्पर्ध्यांहून बलवान होते. अमेरिकेचे डीट्झ आणि जर्मनीचे फॉयरहँड हे कंदील खेड्यापाड्यांतून आधीच पोचले होते, त्यांची प्रत लोकांच्या अंगवळणी पडली होती, आणि नव्या कंदिलाची तुलना पहिल्याच रात्री त्यांच्याशी व्हावयाची होती. ओगल्यांचे धोरण म्हणून एकच असू शकत होते: लोकांनी डोळ्यांसमोर धरलेल्या नमुन्याला कोठेही उणे पडावयाचे नाही. कंदिलात पत्र्याची टाकी, झाळलेले सांधे, वाऱ्याच्या नळ्या, बर्नर, वात आणि काच अशा निरनिराळ्या विद्यांच्या वस्तू एकत्र येतात. त्यांतील कोणतीही एक बिघडली तर सर्व कंदील बिघडतो. टाकी पाझरली तर रॉकेल वाया जाते आणि आगीचे भय. नळीचे माप चुकले तर शेताच्या बांधावर वाऱ्याच्या पहिल्या झोताला ज्योत विझते.

सर्वांत अवघड काच. ती फुंकून साच्यात घडविली की आतून-बाहेरून सारख्या वेगाने थंड होत नाही, वरचा थर आधी आवळतो, आणि डोळ्यांना न दिसणारा ताण तिच्या अंगात अडकून राहतो. अशी काच दुकानात निर्दोष दिसते. कंदील पेटवून बाहेर नेला आणि पावसाचा एक थेंब तिच्यावर पडला की तडकते. हा ताण काढण्यासाठी घडविलेली काच पुन्हा तापवून तासन्‌तास हळूहळू निववावी लागते, आणि माल लवकर पाठविण्याच्या घाईत नेमका हाच वेळ कमी करण्याचा मोह होतो. येथे तयार वस्तू तपासून उपयोग नाही, कारण दोष दिसतच नाही. येथे भट्टीची उष्णता आणि घड्याळ यांवरच पहारा ठेवावा लागतो. ओगलेवाडीला जी प्रतिष्ठा मिळाली ती या पहाऱ्याची होती, आणि गावोगावी वीज पोचून कंदिलांचे दिवस सरेपर्यंत ती टिकली.

या तिन्ही कारखान्यांत एक गोष्ट समान होती, आणि तिच्यावाचून कोणतीही रीत चालली नसती. मालक कामाच्या जागी उभा असे, त्याला स्वतःला ते काम येत असे, आणि सदोष माल बाहेर जाण्यापेक्षा आत मोडलेला बरा हे त्याने पैशाची ओढाताण असतानाही मान्य केलेले होते. बाकी सर्व गोष्टी धंद्याच्या स्वरूपाप्रमाणे बदलत. किंबहुना एकाच घराण्यात धंदा बदलला तेव्हा त्या बदलाव्या लागल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथून यंत्रविद्या शिकून परतले, आणि १९४६ साली त्यांनी खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना काढला. नांगराच्या फाळात जाडीचा थोडा फरक शेतकऱ्याच्या लक्षातही येत नाही. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात आणि दट्ट्यात तसा फरक राहिला तर इंजिन चालतच नाही. ओतशाळेतल्या उस्तादाच्या नजरेवर वाडीचे नांगर उत्तम निघत आले होते. खडकीस त्या नजरेच्या जोडीला मिलिमीटरचे शतांश मोजणारी साधने आणि प्रत्येक भागाची लेखी मापे आणावी लागली.

त्याच सुमारास गणिताची मदत आली. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कामात वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली उत्पादनातील चढउतार तक्त्यावर मांडून त्यांतले स्वाभाविक कोणते आणि विकृत कोणते हे ओळखण्याची रीत काढली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ साली हिंदुस्थानात आले, म्हणजे त्यांचे अनुयायी डेमिंग यांची जपानातील १९५० सालची सुप्रसिद्ध व्याख्याने होण्यापूर्वीच ही विद्या आपल्या दाराशी पोचली होती. १९४७ सालीच भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने तिला मालावर मानकचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. जपानने त्या विद्येचे जे केले ते आपण केले नाही, याचे दुःख मला आहे. परवान्याच्या आणि टंचाईच्या त्या काळात जे पिकेल ते विकले जात होते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. आणि ज्या कारखान्याला आपला माल कोणाला व का विकावयाचा याचा विचारच करावा लागत नाही त्याच्या भिंतीवर लावलेला तक्ता भिंतीवरच राहतो. १९८० साली मायकेल पोर्टर यांनी स्वस्ताईने जिंकणारे, वैशिष्ट्याने जिंकणारे आणि मोजक्या गिऱ्हाइकांवर लक्ष केंद्रित करणारे असे उद्योगांचे धोरणभेद मांडले, आणि त्यानंतर कोणत्या धोरणाला प्रत राखण्याची कोणती रीत मानवते याचा अभ्यास पाश्चात्य विद्यापीठांतून होऊ लागला. त्या अभ्यासाला लागणारी सामग्री आपल्याकडे वाडीच्या ओतशाळेत, लालबागच्या कुलपांच्या कारखान्यात आणि कऱ्हाडच्या काचभट्टीत अर्ध्या शतकापूर्वीच जमा झालेली होती.

जमा झालेली होती असे म्हणतो, पण ती राहिली किती? मालकांची चरित्रे लिहिली गेली. ओतशाळेची रोजकीर्द, भट्टीच्या उष्णतेच्या नोंदी, परत आलेल्या मालाचे हिशोब, शेतकऱ्यांची तक्रारीची पत्रे, दुकानदारांची खतावणी आणि जुने कॅटलॉग यांचा संग्रह कोणी केला नाही. ज्या १९१० साली किर्लोस्करवाडी वसली त्याच साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, आणि त्या मंडळाने दप्तरांच्या रुमालांतून पेशवाईतल्या एकेका पत्राचा शोध घेतला. कारखान्यांच्या दप्तराला तसा शोधक अजून भेटलेला नाही. सांगली, सातारा आणि बेळगाव जिल्ह्यांत अशी कितीतरी घरे असतील की जेथे आजोबांनी ओतशाळेत किंवा काचभट्टीवर केलेल्या कामाची वही माळ्यावर पडून आहे. त्या घरांतील मंडळींना माझी विनंती आहे की ती वही रद्दीत देऊ नये. जवळच्या ग्रंथालयाला, महाविद्यालयाला किंवा मंडळाला ती द्यावी, आणि देताना ती कोणाची, कोणत्या खात्यातली आणि कोणत्या सालची हे पहिल्या पानावर लिहून द्यावे.